बाबांचा एमआरआय नॉर्मल आहे

१४ जुलै २०२५, कारंजा
आजपासून बाबांच्या तब्येतीचं खातं माझ्याकडे. त्रिशलाताई वाशीमहून फोनवर म्हणे, सुरत झालं, पुणं झालं, ड्रोनचा कोर्स अर्धा झाला, आता घरीच पडून आहेस तं बाबाले तरी पाह्य. टोमणा होता. पण जबाबदारी माणूस पाहूनच देतात.
प्रॉब्लेम असा : लघवी थांबत थांबत होते. रक्तात पीएसए वाढलाय. प्रोस्टेटचं काहीतरी. युट्यूबवर पूर्ण अभ्यास करायला बसलो. मध्येच जुन्या जीपचा व्हिडिओ लागला. संध्याकाळ झाली.

१९ जुलै, अकोला
एमआरआय झाला. मशीन थ्रेशरसारखं वाजतं. बाहेर आल्यावर बाबा म्हणे, मले वाटलं आता खालून सोयाबीन निघन. हसलो. त्यांनी चपला उलट्या पायांत घातल्या होत्या. घाईमुळे.

२२ जुलै
रिपोर्ट नॉर्मल.
बाबा लघवीला गेले तेवढ्यात डॉक्टर मला म्हणाले, फोटोत काही दिसत नाही, पण तपासताना बोटाला कडक लागतं आणि पीएसए चढतोय. काही कॅन्सर एमआरआयमध्ये दिसतच नाहीत. सुईने तुकडे काढून बायोप्सी करू, पुढच्या आठवड्यात घेऊन या.
डॉक्टर लोकांचं असंच असतं. मग एवढं मशीन काय शोभेला ठेवलंय? आरपार दिसतं त्यात.
एसटीत बाबांनी विचारलं, काय म्हणे डॉक्टर? म्हटलं, एकदम क्लिअर. बाबांनी पिशवीतून रिपोर्ट काढून उलटसुलट पाहिला. जन्मभर धान्याची अडत केलेला माणूस. म्हणे, पोतं वरून चांगलंच दिसते रे संयम, पण परखी खुपसून आतले दाने काढल्याबिगर आमी भाव नाई करत. मी म्हटलं, बाबा, हे मशीन परखीचा बाप आहे. पटलं असावं. तिकिटाची घडी करत बसले.
स्टँडवर उतरून पेढे घेतले.
बायोप्सीचं सांगायचं आहेच. जरा टेन्शन उतरू दे.

४ ऑगस्ट, इंझोरी
'पुढचा आठवडा' मागेच गेला. पण मी कामात होतो. इथं माझ्या दोस्ताकडे, रामकिसनकडे, जीप आहे. आयडिया : एमआरआय सहल. ज्यांना डॉक्टरनी लिहून दिलंय अशा म्हाताऱ्यांना सकाळी अकोल्याला न्यायचं, नाश्ता, फोटो, संध्याकाळी टेन्शन-फ्री परत. रामकिसन म्हणे, पैले तुह्या बाबाचं तं पूर्न कर. म्हटलं, त्यांचं पूर्ण झालं म्हणूनच तं सांगून राह्यलो.

२९ ऑगस्ट
पर्युषण. बाबा एकच वेळ जेवतात. अशा दिवसांत अंगाला सुई टोचणं बरं नाही. माणसानं धर्मही पाहावा. मी स्टँडवर भजी खाल्ली, कांद्याची नव्हती बहुतेक.
अनंत चतुर्दशी झाली की नक्की.

२१ सप्टेंबर
सहलीचं पहिलं गिऱ्हाईक : गुलाबसिंगकाका, बाबांच्या शेजारचे दुकानदार. त्यांनाही तोच त्रास. त्यांचाही एमआरआय नॉर्मल. मी परतीच्या वाटेवर पेढ्यांसाठी जीप थांबवली, तर म्हणे, थांब बापू, डॉक्टर अजून काही तपासू म्हणतात, ते होऊ दे.
भित्रा माणूस.

१२ ऑक्टोबर
गुलाबसिंगकाकांच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला. वेळेवर सापडला, ऑपरेशननं बरं होईल म्हणतात. वाईट वाटलं.
पण मुद्दा पाहा. फोटोत नव्हता, सुई लावल्यावर आला. स्टँडवर सगळेच म्हणतात, सुई लागली का कॅन्सर भडकते. म्हणजे मी बाबांना वाचवलं.
बाबा बातमी ऐकून म्हणे, मशीनले त्याचं नाई दिसलं, तं माह्यं सगळं कसं दिसलं? म्हटलं, प्रत्येकाची बॉडी वेगळी असते. माझ्याकडे बराच वेळ पाहत होते. चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा. तेही करून टाकू.

८ नोव्हेंबर
बाबांची कंबर दुखते. दिवसभर दुकानात मांडी घालून बसल्यावर काय होणार. तेल आणलं. चांगली गादी पाहायला अमरावतीला गेलो. तिथं सुरतचा मित्र भेटला. त्याचं मशरूमचं चाललंय, फार स्कोप आहे. त्याच्याकडेच राहिलो.
गादी राहिली.

३ डिसेंबर
बाबा अर्धं जेवण ताटात ठेवतात. जैन माणूस ताटात कधी टाकत नाही. रात्री कंबर धरून बसतात, आवाज करत नाहीत.
ठरलं. सोमवारी अकोला. काहीही होवो.

९ डिसेंबर
सोमवारी रामकिसनची जीप गॅरेजमध्ये होती.
एसटी होती. पण कंबरदुखीच्या माणसाला एसटीत हाल.

६ जानेवारी २०२६
मंदिराच्या पायऱ्यांवर बाबांचे पाय गेले. बसले ते उठता येईना. ताई वाशीमहून आली, गाडी तिनंच केली. मी पुढे ड्रायव्हरला रस्ता सांगत होतो. त्याला रस्ता माहीत होता.
बायोप्सी झाली.

१७ जानेवारी
आहे. मणक्यात गेलाय.
डॉक्टर म्हणाले, आता काढून टाकता येणार नाही. औषधांनी थोपवून धरू, जितके दिवस थांबेल तितके. मी विचारलं, मग एमआरआय नॉर्मल कसा आला? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, हेच तर तुम्हाला त्या दिवशी सांगितलं होतं.
ताई माझ्या शेजारीच उभी होती.

१८ जानेवारी
घरी आणलं. ताईनं बाबांसमोरच विचारलं, डॉक्टरनं तवाच सुईचं सांगतलं होतं, तं काहून केली नाई? मी तोंडाला पाण्याचा पेला लावला. पेला रिकामा होता.
बाबा म्हणे, त्याले काहून बोलून राह्यली? त्यानं सांगतलं होतं मले. मीच नाई म्हटलं. सुईले भेलो मी.
ताईनं माझ्या हातातला पेला काढून घेतला. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.
नंतर मी बाहेर ओट्यावर बसून नीट आठवून पाहिलं. बाबा खोटं बोलत नाहीत, हे सगळं मार्केट सांगतं. म्हणजे मी सांगितलंच असणार. आणि ते नाहीच म्हणाले असणार.