पवनचा आवाज अन् माहा भोंगा

मु. रिठद

सौ. जिजाबाईले,

चंपतचा वाकून नमस्कार. भाऊजींले बी सांगजो. त्यायचा गुडघा आता कसा आहे? इथी आमी सारे बरे आहोत. (बरे म्हणजे कसे, ते पुढं वाचजो.) फोनवरच सांगतलं असतं, पण पवन बाजूले बसून राह्यते, अन् त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलाची माही आता हिंमत होत नाही. काहून होत नाही, तेच लिहून राह्यलो.

आपला धाकटा भाऊ पवन तुले माहीतच आहे. वय चाळिशीले टेकलं, अक्कल लेकराएवढी असं आपणच म्हणत आलो. पण रिसोडच्या बजारात "घ्या वांगेऽ" म्हणून वरडला का अख्खी लाईन वळून पाहे. (कदी कदी वांग्यायले कारले म्हणे, तरी गिऱ्हाईक हासत हासत वांगेच नेत.) दिवाळीनंतर मी एक भोंगा घेतला (पवन त्याले डब्बा म्हणते) अन् त्यात माहाच आवाज भरला. बटन दाबलं का दिवसभर बोलते, चाय मांगत नाही. मले वाटलं, पवनले तेवढाच आराम. त्यानं मात्र हळूहळू बजारात येणंच सोडून देलं. जेवण अर्ध्यावर टाके, भिताडाकडं तोंड करून पडून राहे, पहाटेच उठून बसे. तुह्या भावजयीनं, अंजूनं हात लावला तर अंगावर धावे. आमी काय काय नाही केलं! दाढ दुखत असन म्हणून दाढ दाखवली. (दाढ चांगली निघाली, डॉक्टरच्या बोटाले मात्र चावला.) नजर उतरवली, तर मिरच्यायच्या धुरानं मीच खोकलून बेजार. शेजारची बेबीताई म्हणे, याचं लगन करून द्या. शेवटी अंजूनं हट्ट धरला, तवा वाशिमले मनाच्या डॉक्टर वैभवी मॅडमकडं गेलो.

मॅडमनं पुसलं, "पवनभाऊ, मन उदास राहतं का?"

पवन म्हणे, "हो."

"मग खुश राहता का?"

"हो."

मी फिदीफिदी हासलो. म्हटलं, "मॅडम, हा साऱ्यालेच हो म्हणते. त्याले कायचं दुःख? ना वावर, ना बायको. दुःख मले इचारा." (खरंच असं बोललो, बाई. त्याच्या तोंडावर बोललो. आवाज बी भोंग्यातलाच होता.)

मॅडम हासल्या नाहीत. म्हणाल्या, "यांना उदासी शब्दांत सांगता येत नाही, म्हणून घरचे म्हणतात स्वभावच तसा. मला यांची झोप, भूक, चिडचिड पाहावी लागते. आधी काय आवडीनं करायचे अन् आता काय सोडलं, ते पाहावं लागतं. तुम्ही जरा गप्प बसा." मग त्यायनं चेहऱ्यायचे चित्रं मांडले. पवननं रडक्या तोंडावर बोट ठेवलं. "असं कधी वाटतं?" पवननं ते चित्र जवळ ओढलं. मग म्हणे, "डब्बा बोलते. पवन नाही बोलत."

मले खुर्चीत बसवेना. टेबलावरचा पाण्याचा गिलास उचलून सारा पिऊन घेतला. (तो मॅडमचा होता.) मॅडमनं त्याले उदासीचाच आजार सांगतला. रक्त तपासलं, थायरॉईड बी पाह्यलं, गोळी सुरू केली अन् मले सांगतलं, "यांचं काम यांना परत द्या."

भोंगा माळ्यावर टाकला. पवन बजारात आला, पण पोत्यावर गपच बसला. मीच वरडलो, माहा घसा बसला. काल एका बाईनं वांगे हातात घेऊन पाह्यले, तवा पवन हळूच म्हणे, "कवळे आहेत. घ्या." तेवढंच बोलला. मी मेथीच्या जुडीत तोंड घातलं, बाईले वाटलं वास घेऊन राह्यला.

तुहा भाऊ,
चंपत

ता.क. – पुढल्या बुधवारी परत वाशिमले जाचं आहे. मॅडमनं पवनले पुसलं होतं, "सोबत कोण बसलं तर बोलाल?" मी खुर्ची पुढं सरकवली. तो म्हणे, "जिजाबाई." तू येजो. मी बाहेर बसन.

आणखी एक – मी मॅडमले सांगतलं का बहीण लई दूर राह्यते, तिले जमत नाही. इंझोरी काही दूर नाही, बाई. तू आली तर माहं सारं तुले कळन, म्हणून तसं बोललो. आता तर मीच सारं लिहून बसलो. तवा येच.