वारज्याला न गेलेली गाडी

बिबवेवाडी, पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सोनाली,

आज सकाळी साडेआठला माझी गाडी काढली. कात्रजवरून बायपासला लागलो, नवले पूल ओलांडला, वारज्याला आलो. पस्तीस मिनिटं लागली. गाडी कुठेही बंद पडली नाही. तुमच्या इमारतीखाली दहा मिनिटं थांबलो, वर आलो नाही, तसाच परत फिरलो. घरी येऊन चहा केला आणि हे लिहायला बसलो.

गुरुवारी तू ठेवून गेलेली भीमरावच्या गाडीची किल्ली आणि आरटीओचे फॉर्म टेबलावर तसेच आहेत. मी सही केलेली नाही. तू म्हणालीस, काका, तुमची गाडी पेट्रोलमधल्या त्या इथेनॉलने कामातून गेली, बाबांची नवी आहे, तिला हे पेट्रोल चालतं, आणि तुम्हालाच द्यायची असं ते लिहून गेलेत, आता नाही म्हणू नका. मी मान हलवली. तू ते हो समजलीस. तुझ्या तोंडावर बोलायचं धैर्य झालं नाही म्हणून लिहितो आहे. वाचून झालं की गाडीचं काय ते तूच ठरव.

माझी गाडी एकदाच बंद पडली होती. सप्टेंबरचा पहिला रविवार, नवले पुलाच्या अलीकडे. तुमच्याकडेच येत होतो. टोचन लावून आमच्या गल्लीतल्या ऋषीच्या गॅरेजला आणली. तो म्हणाला, काका, चौदा वर्षांच्या म्हातारीला रोज उसाचा रस पाजताय, मधुमेह होणारच. पेट्रोलची रबरी नळी मऊ पडली होती. त्याने ती बदलली, फिल्टर बदलला, आणि मंगळवारी गाडी दारात आणून लावली. तेव्हापासून ती नीट आहे. हे मी तुम्हा कोणालाही सांगितलं नाही.

त्याच्या आदल्या रविवारी मी तुमच्याकडे आलो होतो ते तुला आठवत असेल. भीमरावच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. गळ्याला पट्टी, नाकात नळी, आणि आवाज गेलेला. त्याने माझा हात धरला तो सोडेना. चाळीस वर्षांपूर्वी वसतिगृहात रात्रभर बडबड करून मला झोपू न देणारा हा माणूस. मी वीस मिनिटांत उठलो. तुझी आई चहा टाकत होती, तिला म्हणालो, वहिनी, पुढच्या वेळी घेतो. जिना उतरून थेट गाडीत बसलो. तुझी काकू दवाखान्यात होती ते एकोणीस दिवस भीमराव रोज संध्याकाळी वारज्याहून यायचा, तिच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचा. मला त्याची ती खोली वीस मिनिटं सहन झाली नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

म्हणून पुढच्या रविवारी गाडी बंद पडली तेव्हा, लाज वाटते लिहायला, मला सुटल्यासारखं झालं. नंतर गाडी दुरुस्त झाली तरी कारण तसंच ठेवलं. लोकांना ते लगेच पटायचं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा दुसरा विषयच नव्हता. कोणाचं मायलेज पडलेलं, कोणाची गाडी सकाळी सुरू होत नसलेली. तू कॅब पाठवते म्हणालीस तेव्हा मी म्हणालो, कशाला, रविवारपर्यंत होईल नीट.

पण भीमरावने ते अंगावर घेतलं. जन्म डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत गेलेला. मळीपासून इथेनॉल करण्यात त्याची तीस वर्षं गेली, आणि दारूच्या टाक्यांशेजारी राहून थेंब कधी तोंडाला लावला नाही. त्याचा पहिला मेसेज आला: तुझ्या गाडीला आम्हीच पाजली, तेव्हा उतरवायची जबाबदारी माझी. मग रोज प्रश्न. थंड असताना सुरू होत नाही की गरम झाल्यावर बंद पडते? टाकी अर्धी ठेवतोस का? इथेनॉल पाणी ओढतं, टाकी भरलेली ठेव. गाडी किती दिवस उभी असते? त्याला बसवत नव्हतं, तरी लिहायचा. आणि मी उत्तरं द्यायचो. ग्रुपवर ज्याने जी तक्रार लिहिली असेल ती उचलायची आणि माझ्या गाडीची म्हणून त्याला पाठवायची. एक दिवस झटके, एक दिवस पिकअप नाही. त्यालाही वेळ जायला काहीतरी बरं, असं मी मनाशी म्हणत होतो.

पाच आठवडे असे गेले. शेवटी त्याने एक प्रयोग सांगितला. सरळ काचेच्या बाटलीत दहा बोटं पेट्रोल, त्यात एक बोट पाणी, हलवून पंधरा मिनिटं ठेव, इथेनॉल पाण्यात उतरेल, खालचा थर किती बोटं झाला ते कळव. मी बाटली घेतलीच नाही. अर्ध्या तासाने लिहिलं, पाच बोटं.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बद्री, पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे दोन बोटं, आणि पाण्याचं एक, असे तीन येतात. पाच यायला पंपावर आमच्या डिस्टिलरीचा नळच जोडलेला पाहिजे. आणि तू सांगतोस ती लक्षणं एका गाडीची नाहीत. दोन दिवसांनी पुन्हा मेसेज: माझी गाडी तुला द्यायची असं लिहून ठेवलं आहे. आता कारण उरलं नाही. रविवारी ये.

तो दिवाळीच्या आदला रविवार. मी घरातच बसून राहिलो, आणि त्या दिवशी कोणतंही कारण कळवलं नाही. बुधवारी तो गेला. अंत्यविधीलाही मी शेजारच्या आमोदच्या गाडीतून आलो, कारण माझी गाडी बंद आहे हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या आईने मलाच विचारलं, भाऊजी, येताना त्रास नाही ना झाला?

आज हे लिहिण्याचं कारण गाडी नाही. गुरुवारी जाता जाता दारात तू म्हणालीस, की बाबांनी आयुष्यभर जे बनवलं त्यानेच त्यांच्या मित्राला वाटेत अडवलं, हे मनात ठेवून ते गेले, याचं तुला फार वाईट वाटतं. असं तो मनात ठेवून गेला नाही, सोनाली. त्याच्या कामाने कोणालाही अडवलं नाही, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने ते शोधून काढलं होतं. त्याचा फोन तू अजून उघडला नाहीस म्हणालीस. उघडशील तेव्हा सगळे मेसेज दिसतील, त्याआधी माझ्याकडून कळावं. आईला सांगायचं की नाही ते तू बघ. किल्ली आणि फॉर्म या पाकिटातच घालतो आहे. पुढच्या रविवारी दहा वाजता मी तुमच्या दाराशी येईन. उघडलं नाहीस तर पुन्हा बेल वाजवणार नाही. आता खाली जाऊन गाडीवर कव्हर घालायचं आहे. एकट्याने घालताना पुढची बाजू ओढली की मागची सुटते, मग दोन फेऱ्या माराव्या लागतात.

तुझाच,
बद्रीकाका