रक्तातला घरजावई

२८ सप्टेंबर १९९६
झालं! बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलं — एड्सचा विषाणू आहे. आजार अजून नाही, पण विषाणू आहे. ट्रक ड्रायव्हर म्हटल्यावर त्याला नवल वाटलं नाही.

मग त्यानं कागदावर एक गोल काढला. ही पांढरी पेशी, रक्ताची राखणदार. विषाणू नेमका हिच्यातच घुसतो, स्वतःचा मजकूर हिच्या लिपीत उतरवतो आणि हिच्याच जनुकांत शिवून टाकतो. पेशीला तो घरचाच वाटतो. ती वाढली की तोही वाढतो.

"बाहेर काढता येत नाही?"

"नाही. काही पेशींत तर वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो."

मी खो खो हसलो. डॉक्टर चपापला. त्याला काय ठाऊक, अख्खं रामनगर मला बाबुरावांचा घरजावई म्हणून ओळखतं!

३ ऑक्टोबर
नक्कल करताना हा विषाणू सारखा चुकतो म्हणे. म्हणून पिल्लं निरनिराळी. औषध एकाला ओळखेपर्यंत दुसरं पसार. शाळेत मी चुकीची नक्कल करून नापास झालो. हा चुकांवरच पास!

बायकोला, देवकीला सांगायचंय. आजही नाही सांगितलं. भेकड कुठला!

७ ऑक्टोबर
सासऱ्यांची नव्याच्या सणाची गडबड सुरू. शेतातली पहिली भाताची लोंबी दसऱ्याला दारावर बांधायची — घरच्या लेकानंच. बाबुरावांना लेक नाही. म्हातारा डुगडुगत्या स्टुलावर स्वतः चढतो. दरवर्षी मी हात पुढे करतो, दरवर्षी तेच — "जावईबापू, तुमी स्टूल धरा." नावानं हाक कधीच नाही.

९ ऑक्टोबर
सांगितलं. देवकीनं पळी फेकून मारली. लागली. बरं वाटलं. मग डोळे पुसत म्हणाली, "उद्या बेळगावला चला. माझंबी रगात बघूया."

१६ ऑक्टोबर
देवकीला नाही! तीन महिन्यांनी परत तपासायचंय, पण आज नाही! बसमध्ये दोघंही रडलो.

घरी येऊन तिनं बापाला सगळं सांगितलं — पेशी, जनुकं, माझा घरजावयाचा विनोदसुद्धा. बाबुराव उठून बाहेर गेले. जेवलेही नाहीत. आता हाकलतील. त्यांनी सांगण्याआधी आपणच निघावं. देवकीला सोडून जायचं म्हणजे जीव तुटतो.

दसरा
पिशवी घेऊन निघालो, तर दारात स्टूल आडवं. बाबुरावांनी लोंबी माझ्या हातात दिली आणि स्वतः खाली बसून स्टूल घट्ट धरलं.

"आत मिसळलेला भाईर काढता येत न्हाई म्हणं. चढ, लखू."