शिट्टीला ओ देणारा रिमोट

२ फेब्रुवारी, सोमवार

रिमोट गेला. गेला म्हणजे ड्रायव्हरने पळवला. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की याला आधी कळलं नव्हतं.

खोलीत आम्ही तिघं. मी, ड्रायव्हर आणि इस्त्रीकाका. तिघंही एकाच लॉन्ड्रीत. ड्रायव्हर हॉटेलांचे, दवाखान्यांचे कपडे व्हॅनमधून आणतो. काका इस्त्रीच्या मशीनवर. आणि मी खिसे तपासतो. लोकांना वाटतं सोपं काम. एक पेन मशीनमध्ये जाऊ दे, मग बघा सगळ्या चादरी कशा निळ्या होतात ते. माझ्या हातून आजवर साधी टाचणी सुटलेली नाही. अशा माणसाच्या नाकासमोरून रिमोट न्यायचा! हिंमत बघा.

आता डोकं चालवू. टीव्हीची स्वतःची बटणं मेलेली आहेत. रिमोट नसेल तर भिंतीवरचं बटण दाबलं की टीव्ही थेट पहिल्या चॅनेलवर उघडतो आणि तिथेच बसतो. पहिल्या चॅनेलवर काय? सासू-सुनेची सिरियल. ती कोण बघतं? ड्रायव्हर. एवढा दांडगा माणूस, सून रडली की हाही नाक ओढतो. माझी कुस्ती लागते सहाव्या चॅनेलवर. मग फायदा कुणाचा? खल्लास. केस संपली.

काल झोपताना मी रिमोट अगदी सेफ जागी ठेवला होता, त्याच्या हाती लागू नये म्हणून. जागा इथे लिहीत नाही. तो ही वही वाचत असणार. जागा इतकी सेफ होती की सकाळी मलाच आठवेना. तरी त्याला सापडली! किती मुरलेला चोर आहे ते यावरून कळतं.

त्यात आज युनिफॉर्म बदलायचा दिवस. शोधाशोधीत उशीर झाला. जुना स्टाफच्या धुण्याच्या गोणीत कोंबला, धुतलेला चढवला, पळालो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

धुलाई मशीनच्या पंपाच्या जाळीत मेकॅनिकला रबराच्या बटणांची पट्टी सापडली. वर आकडे. सुपरवायझरने सगळ्यांसमोर मला विचारलं, हे कुठल्या लॉटमधून आलं? म्हटलं, साहेब, माझे लॉट स्वच्छ असतात. मेकॅनिक म्हणाला, हे स्टाफच्या मशीनमधलं आहे. मग माझा संबंधच नाही. स्टाफचे खिसे मी तपासत नाही. आपल्याच माणसांवर संशय घेणं माझ्या रक्तात नाही.

कुणाचा तरी कॅल्क्युलेटर असेल. लोक किती बेफिकीर असतात!

संध्याकाळी खोलीत ड्रायव्हरला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, तुझी शपथ, मी नाही घेतला. माझी शपथ! स्वतःची का नाही? काका म्हणाले, अरे पडला असेल कुठेतरी, उगाच माणसाला चोर करू नकोस. मला असा राग आला की मी उभा राहून सांगितलं, चोर मी पकडून दाखवीन, नाही पकडला तर माझी खिडकीची खाट सोडीन.

बोलून गेलो खरा. खोलीत मोबाईलला रेंज फक्त त्या खिडकीत येते. रविवारी मी तिथे पडून आईशी बोलतो. ती खाट मिळण्याआधी मी बाथरूमच्या दाराशी झोपायचो. नळ ठिबकायचा. आणि आईशी बोलायला रस्त्यावरच्या खांबाखाली उभं राहायचं. ट्रक गेला की आई म्हणायची, कोण ओरडतंय रे तुझ्यावर?

ड्रायव्हरने विचारलं, खाट कुणाला देणार? म्हटलं, तुला. तो हसला. हे हसणं लक्षात ठेवणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सूड नंबर एक. धुलाईत ड्रायव्हरच्या पँटला इतकी खळ घातली की पँट एकटी उभी राहिली. म्हटलं, आता बस व्हॅनमध्ये, बघू गुडघे कसे वाकवतोस.

संध्याकाळी. सुपरवायझरने ड्रायव्हरला सगळ्यांपुढे उभं केलं. म्हणाला, युनिफॉर्म असा पाहिजे, शिका जरा. ड्रायव्हर माझ्याकडे आला आणि म्हणाला, काकांकडून कळलं की खळ तू घातलीस, थँक्यू हां भावा.

भावा!

८ फेब्रुवारी, रविवार

काकांनी नवा रिमोट आणला. मी मात्र त्याच्याही पुढचं आणलं.

बाजारात एक यंत्र मिळतं. काडेपेटीपेक्षा छोटं. किल्ल्या हरवू नयेत म्हणून असतं. शिट्टी मारली की ते टीं टीं टीं करून ओ देतं. दुकानदाराने तीनदा वाजवून दाखवलं. म्हणाला, तुमच्या किल्ल्या फार हरवतात का? म्हटलं, माझं काहीच हरवत नाही, मला चोर धरायचा आहे. त्याने आदराने बघितलं.

काळ्या टेपने यंत्र रिमोटच्या पाठीला गुंडाळलं. ड्रायव्हर आणि काकांना सांगितलं की हातातून निसटू नये म्हणून पकड बसवली आहे. आता ड्रायव्हर रिमोट लपवेल, मी चारचौघांत शिट्टी मारीन, आणि त्याच्याच बॅगेतून टीं टीं टीं. मग बघू भावा कोण आणि थँक्यू कोण.

आईला फोनवर सगळा प्लॅन सांगितला. ती म्हणाली, अरे, लहानपणी तू दप्तर पाठीला लावून घरभर दप्तर शोधायचास. आई भोळी आहे. तिला क्राइम कळत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

छोटी अडचण. मला शिट्टी येत नाही. पुढच्या दोन दातांत फट आहे, नुसती हवा जाते. दुकानात दुकानदारानेच वाजवली, म्हणून तेव्हा लक्षात आलं नाही.

दिवसभर खिसे तपासता तपासता प्रॅक्टिस केली. पलीकडच्या टेबलवरची मावशी म्हणाली, काय रे, दूध तापलं का, फुंकर कशाला मारतोयस?

काकांना विचारलं, तुम्ही मारता का शिट्टी? त्यांनी कवळी काढून दाखवली.

शिट्टी येते फक्त ड्रायव्हरला. व्हॅन मागे घेताना सिरियलचं गाणं अख्खं वाजवतो. ज्याला जे नको त्यालाच देव ते देतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी चहाच्या किटलीने शिट्टी मारली आणि टेबलावरून रिमोटने ओ दिली. काकांचा कप हातातून सुटला. ओरडले, ही कसली पकड रे? म्हटलं, कंपनीचा फॉल्ट आहे.

यंत्राचा कान चांगलाच तिखट आहे. दार करकरलं तरी वाजतं. ड्रायव्हर शिंकला तरी वाजलं. तो म्हणाला, अरे वा, रिमोटसुद्धा देव भले करो म्हणतोय! आणि स्वतःच्याच जोकवर पोट धरून हसला. हस. हसून घे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस रिमोट मुद्दाम इकडेतिकडे टाकतोय, याने चोरावा म्हणून. हा चोरतच नाही! उलट आणून देतो. हे घे, तुझ्या उशीखाली होता. हे घे, साबणाच्या डबीवर ठेवला होतास. काल तर म्हणाला, हे घे, कानाला लावून मोबाईल समजत होतास.

बरोबर जागा याला कशी कळते? विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज सिरियलचा दोन तासांचा स्पेशल भाग. सून घर सोडून निघाली. ड्रायव्हरने डोळे पुसले आणि म्हणाला, उद्या परत येईल ना रे ती? माझी खात्री झाली. उद्यासाठी हा आज रिमोट पळवणार.

म्हणून झोपण्याआधी रिमोट सेफ जागी ठेवला. सापळा लावलाय हे खरं, पण उंदराने सापळाच पळवला तर? जागा गेल्या वेळेपेक्षा वेगळी आहे. बहुतेक.

प्लॅन पक्का. उद्या रिमोट गेला की लॉन्ड्रीतच धरायचा, सुपरवायझरसमोर. काका म्हणाले, पोरा, तो चोर नाही निघाला तर त्याची माफी मागशील ना? म्हटलं, काका, खाट काय, मी खोलीच सोडीन.

१६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

गेला! गेला! उशीखाली नाही, साबणाच्या डबीवर नाही, कुठेच नाही! इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही. धांदलीत युनिफॉर्म बदलला, जुना गोणीत टाकला, निघालो. आज तो आहे आणि मी आहे.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांना जमवलं. सुपरवायझर, मेकॅनिक, मावशी, काका, सगळे. सांगितलं की आपल्यात एक चोर आहे आणि आज तो स्वतः वाजणार आहे. ड्रायव्हरला व्हॅनचं दार उघडायला लावलं, बॅग बाहेर ठेवायला लावली. तो बॅग ठेवायला वाकला. त्याची खळ घातलेली पँट करकरली.

मी शिट्टी मारली. हवा गेली. पुन्हा मारली. मावशी म्हणाली, दूध उतू जाईल रे! सगळे हसले. मी म्हटलं, थांबा, थंडीमुळे होतंय.

तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, मी मारू का?

स्वतःच म्हणाला. आणि सिरियलचं गाणं वाजवलं. पहिलीच ओळ.

टीं टीं टीं.

बॅगेतून नाही. व्हॅनमधून नाही. मशीनच्या तोंडाशी ठेवलेल्या, खोलीवरून आलेल्या स्टाफच्या गोणीतून. मेकॅनिकने गोणी फरशीवर उलटी केली. ड्रायव्हर वाजवत होता आणि ढिगातून एक शर्ट ओ देत होता. सुपरवायझरने शर्ट उचलला, कॉलरवरचा नंबर मोठ्याने वाचला. सतरा. माझा.

मी लगेच सांगितलं की हा रिमोट ड्रायव्हरनेच माझ्या खिशात घातला. काका पुढे आले. खिशाच्या तोंडाला सेफ्टी पिन होती, पिनेला लाल दोरा. ते म्हणाले, हा दोरा काल तूच माझ्याकडून मागून घेतलास, म्हणालास, सेफ काम करायचंय.

मेकॅनिकने ड्रॉवरमधून ती रबराची पट्टी आणली. शांतपणे विचारलं, मग हेही तुझंच का?

त्यावर एक ते नऊ आकडे होते. सहा जरा झिजलेला होता.

सुपरवायझर म्हणाला, दुसऱ्यांचे खिसे तपासतोस ना रे तू? कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खोली सोडू दिली नाही. काका म्हणाले, जाशील कुठे, स्वतःलाच कुठेतरी ठेवून विसरशील.

खाट मात्र दिली. माझी गादी बाथरूमच्या दाराशी. नळ अजून तसाच ठिबकतो.

ड्रायव्हरची माफी मागितली. म्हणजे तोंड धुताना मागितली, नळ चालू होता, त्याला ऐकू गेली की नाही माहीत नाही. तो म्हणाला, बरं बरं, आणि टॉवेल पुढे केला.

माणूस इतका चांगला वागतो म्हणजे डोक्यात नक्की काहीतरी मोठं शिजतंय. सावध राहायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार

रिमोट आता टीव्हीच्या टेबलाला दोरीने बांधला आहे. यंत्र वाया जायला नको म्हणून काकांनी ते माझ्या युनिफॉर्मच्या बटणपट्टीत आतून शिवून टाकलं. लॉन्ड्रीत मी कुठे गेलो हे कुणाला विचारावं लागत नाही. ड्रायव्हर व्हॅन मागे घेताना गाणं वाजवतो, मी ओ देतो. आठवडाभर सुरू आहे. हा सूड आहे. लिहून ठेवतो.

आज रविवारची ड्यूटी होती. तिथून आलो तसाच, युनिफॉर्मवरच, मोबाईल घेऊन खाली खांबाकडे निघालो. ड्रायव्हर खिडकीच्या खाटेवर आडवा होता. उठला. म्हणाला, बस इथे, आई वाट बघत असेल, मी चहा ठेवतो.

बसलो. यात काय डाव आहे ते अजून कळलेलं नाही.

आईने विचारलं, सापडला का रे तुझा चोर? म्हटलं, सापडला. ती म्हणाली, मग, मारलंस का त्याला? म्हटलं, नाही गं, जाऊ दे, गरीब आहे बिचारा.

तेवढ्यात किटलीने शिट्टी मारली. आई म्हणाली, हे काय वाजतंय रे तुझ्याकडे?

म्हटलं, काही नाही. मीच आहे.