इंग्रजीत लिहावं लागलेलं पत्र

फ्रान्स, मार्च १९१७

लाडक्या आईस,

खांद्याची जखम भरली, पायमोजे पोचले. तुझा गुडघा कसा आहे?

माझं मात्र डोकं फिरलंय! एलिनेडला लिहिलेली चारही पत्रं आमच्या साहेबाने अडकवून ठेवलीत. पत्रं तोच तपासतो आणि त्याला आपली वेल्श भाषा येत नाही. म्हणतो, "ही कसली जर्मन बाराखडी? इंग्रजीत लिही!" मी म्हटलं, "साहेब, इंग्रजीत प्रेम करता येत नाही." आठवडाभर संडासाचे खड्डे खणतोय. कॉलेज सोडून ह्यासाठी आलो?

तिला वाटेल, मी विसरलो. ईस्टरला त्या वाण्याला होकार तर देणार नाही ना गं?

म्हणून हे इंग्रजीत. तुला येत नाही, तेव्हा चर्चचे पाळकसाहेबच वाचून दाखवणार, म्हणजे एलिनेडचे वडीलच. तर पाळकसाहेब, ही ओळ गाळू नका: मला तुमची मुलगी हवी आहे. तिला आजच सांगा.

तुझाच हट्टी,
गेथिन