खुब्याच्या हाडावरून

सोलापूर, २० नोव्हेंबर १९३३

प्रिय मल्लव्वा,

तारेनंतर तुला एक अक्षरही लिहिलं नाही, याबद्दल कोणत्या तोंडाने क्षमा मागू? तू बाळंतीण, तुला येता आलं नाही; निदान आईचं सविस्तर कळवायला हवं होतं. रोज दौत पुढे घेतो आणि शाळेच्या वह्या तपासत बसतो. दुःखामुळे लिहवत नाही असंही खात्रीने म्हणवत नाही. जेवतो, गिरणीच्या भोंग्याबरोबर उठतो. आत काही हलत नाही. हे लेकीला सांगावं की नाही ते ठरवता येईना, म्हणून सांगून टाकतो.

तू विचारलंस, आईला शेवटी कुठं ठेवलं. तिचं दुखणं वाढलं त्या आठवड्यात मी वरच्या वर्गाला डायनोसॉर शिकवत होतो. फळ्यावर दोन सांगाडे काढले. म्हटलं, हे सरपटणारे प्राणी, त्यांतही सरड्यापेक्षा मगरीला जवळचे. पण या सगळ्यांचा मिळून एक गट हल्ली विद्वान मानत नाहीत, दोन मानतात. केवढा होता, मांस खायचा की पाला, यावरून नव्हे. खुब्यातल्या एका हाडावरून. एकात ते सरड्यासारखं पुढे झुकतं, दुसऱ्यात पक्ष्यासारखं मागे वळतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मास्तर, मग ही पाल का कोंबडी?" वर्ग हसला. मी म्हटलं, दोन्ही नाही. खुबा पक्ष्यासारखा, म्हणून प्राणी पक्षी होत नाही.

घरी आलो तर माझे थोरले बंधू, तुझे दोड्डप्पा निंगप्पा, ओट्यावर बसलेले. "रुद्रा, तिच्या गळ्यात लिंग बांध की आता. स्वामी यायला तयार हायत. न्हायतर आपल्या जागेत कशी बसवायची तिला?" आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला मांडी घालून पुरतात, ते तुला ठाऊक आहे. तिच्या माहेरच्यांच्या जागेत तिला पुरता येईल का, हे विचारायला विणकरवाड्यात तुझ्या मामाकडे गेलो. तो मागावरून उठलाही नाही. "लगीन केलं तवाच ती आमच्यातनं गेली, भावजी. आता कुटं आणता?" एकजण गळा पाहत होता, दुसरा लग्न. मी फळ्यावर दुपारी याहून वेगळं काय केलं होतं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

आईलाच विचारलं. तिला हसू आलं. "जन्मभर मागावर बसले. आता तरी निजू द्या की. बसवलंत तर गुडघे लई दुखतील माझे."

शेवटच्या दिवशी ती बेशुद्ध होती. दोड्डप्पा स्वामींना घेऊनच आले. मी नुसती मान हलवायची होती. माझ्या जागेशेजारी तिला जागा मिळाली असती. मला ती हवी होती, मल्लव्वा. मी मान हलवली नाही. ते दोघं पाणीसुद्धा न पिता गेले.

कुंभारीच्या आपल्या शेताच्या तुकड्यात नेलं. शेजारच्या धुळाप्पाने कुदळ घेतली आणि विचारलं, "मास्तर, खड्डा गोल का लांब?" मी म्हटलं, लांब. तिला उताणी निजवलं, गुडघे सरळ केले, खाली तिनेच विणलेल्या लुगड्याची घडी दिली. मी रडलो नाही. मुरूम फार कठीण होता, एवढं लक्षात आहे.

आता मुद्द्याचं. परवा दोड्डप्पा त्या दिवसानंतर प्रथमच आले आणि म्हणाले, वडिलांच्या समाधीशेजारी तुझी जागा राखली आहे. ते प्रेमानेच बोलले. माझ्या गळ्यात लिंग आहे, ते मला प्रिय आहे, मी ते उतरवणार नाही. त्यामुळे माझ्या वेळी ते मला बसवायला येतील, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात काही वावगं नसेल. त्यांना नको म्हणायचा हक्क फक्त तुझा. मिरजेहून तू यायचंस आणि सांगायचंस, की अप्पांना आईशेजारी निजवायचं आहे. लिंग आपल्या रीतीप्रमाणे तळहातावर राहू दे. भांडण होईल. तरी सांग. हे मागायलाच पत्र लिहिलं. आधी मागवेना, म्हणून इतके दिवस गेले.

बाळाला माझा आशीर्वाद.

तुझाच,
अप्पा

उद्या: कुंभारीला जाऊन बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालणे, दोघांपुरतं.