फ्रिजमधला हिवाळा

१९ जानेवारी २००३
रक्षिता आज परत गेली अमेरिकेला. जाता जाता लेकीनं ओल्या कागदात गुंडाळलेला एक गड्डा हातात ठेवला. बुटका होस्टा म्हणे! सावलीतलं झाड, हिवाळ्यात पानं गाळून गड्ड्यात झोपणारं. "अव्वा, पुढच्या वर्षी परत फुटला तर राहा कोल्हापुरात एकटी, मी गप्प. मेला तर घर बंद करून माझ्याकडं यायचं." कबूल म्हटलं. ह्यांच्या माघारी चार वर्षं एकटीनं काढली, एक गड्डा जगवता येणार नाही होय?
फणसाखाली कुंडी ठेवलीय.

२ मार्च
पानं आली! सहा. हुबेहूब खाऊची पानं, नुसती कडा पांढरी.

१४ मे
ऊन नुसतं भाजतंय. कुंडीला ओलं पोतं गुंडाळलंय, तीनदा पाणी शिंपडते. मी इथून हलणार नाही म्हणजे नाही!

११ ऑगस्ट
शेजारच्या आक्कांनी घात केला! श्रावणी सोमवार, विड्याला पानं हवी होती — मागच्या दारानं येऊन सगळी खुडून नेली. मी रडायचीच बाकी. तर म्हणतात कशा, "येल कुठं दिसला न्हाय, पर पानं तीच की! देवालाच गेली न्हवं?" कडाकडा भांडले. संध्याकाळी स्वतःच शेणखत घेऊन आल्या.

३० नोव्हेंबर
नवी फुटलेली पानंही पिवळी पडून गेली. फोनवर रक्षिताला सहज विचारल्यासारखं विचारलं. "परत फुटायला त्याला आधी कडाक्याची थंडी मिळावी लागते, अव्वा." इथं कुठली आणू? गड्डा मातीसकट पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला, भाजीच्या कप्प्यात. आक्का बघतच राहिल्या. "फ्रिजात माती? येडी झालीस व्हय गं?"
झालेय बहुतेक.

११ जानेवारी २००४
गड्डा परत कुंडीत लावला. हात धुतेय तोवर रक्षिताचा फोन. तिसरा महिना लागलाय तिला! मी आनंदानं ओरडलेच. ती मात्र बोलता बोलता रडायला लागली. काही खाल्लेलं पोटात ठरत नाही, जावई सारखे दौऱ्यावर. "पण तू काळजी करू नको, होईल सगळं नीट." ये म्हणाली नाही. पैज लावून बसलीय ना! माझीच पोर, तोंडानं मागायची नाही.

१ फेब्रुवारी
फुटला! तीन कोंब, हिरवेगार, टोकदार. जिंकले मी! आक्कांना हाताला धरून ओढत आणलं. "जगलं की गं!"

२ फेब्रुवारी
रक्षिताला फोन केला. म्हटलं — मेला गं तुझा होस्टा. माझं तिकीट काढ.